सव्वादोनचं कडं

ताजबी मणेरणीनं कोल्हापुरात तीस वर्षं बायकांच्या हातांत बांगड्या भरल्या आणि तेवढ्या काळात एकसुद्धा नाटक बघितलं नाही. तरी संगीत 'हंसलेखा'मधली नायिका तिच्याइतकी जवळून कुणी बघितली नसेल. गाव नायिकेला लांबून बघायचं, बत्त्यांच्या उजेडात, कानात अत्तराचा फाया घालून. ताजबीच्या मांडीवर त्याच नायिकेचा हात आठ-पंधरा दिवसांनी भर दुपारी पडलेला असायचा, आणि त्या हाताला तंबाखूचा वास यायचा.

नायिका म्हणजे मुरगूडचा ज्ञानू. कुणब्याचा मुलगा, वय सव्वीस, मिशी रोज सकाळी तुळतुळीत काढलेली आणि केस कमरेपर्यंत. त्या काळी बायांची कामं पुरुषच करायचे, आणि अशी करायचे की मंगळवार पेठेतल्या सासवा सुनांना सुनवायच्या, "हंसलेखा पदर कशी घेती बघून या जरा." महाराजांच्या राज्यात नवं थेटर उभं राहिलं तशी तर चंगळच झाली. 'हंसलेखा' दोनदा बघितलं नाही तर चारचौघांत तोंड उघडायची सोय नव्हती. परगावचे लोकही म्हणायचे, कोल्हापुरात येऊन दोन गोष्टी बघितल्याशिवाय जाऊ नये: खासबागेतली कुस्ती, आणि हंसलेखेचं दुसऱ्या अंकातलं पद. दोन्ही ठिकाणी गडीच असतो, हे मात्र कुणी मोठ्यानं म्हणत नसे.

कंपनी गणपतरावांची. त्यांच्या वडिलांनी ती काढली, गणपतरावांनी वाढवली. पावसाळा कोल्हापुरात काढायचा, शनिवार पेठेत चौकाचं एक घर भाड्यानं घ्यायचं, दिवाळी झाली की मिरजेकडं गाड्या हाकायच्या, हा त्यांचा शिरस्ता. आणि त्याहून जुना शिरस्ता होता कड्याचा.

थोरल्या मालकांनी एक पितळी कडं करून घेतलं होतं. आतून माप सव्वादोन, म्हणजे नाजूक बाईच्या हाताचं. दसऱ्याला पेटी, तबला, मुकुट, तलवारी यांच्या रांगेत त्या कड्याचीही पूजा व्हायची, आणि मग सगळ्या कंपनीदेखत ते नायिकेच्या उजव्या हातात घालायचं. गेलं तर आणखी एक साल नायिका. अडलं तर त्याच दिवशी न्हावी बोलवायचा, केस उतरवायचे, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानं पुरुषाची कामं करायची. थोरल्या मालकांचं म्हणणं असं की गळा मधावर ठेवता येतो, तोंडाला रंग फासता येतो, पण हात खोटं बोलत नाही. आणि कडं घालणारी व्यक्ती बाहेरची पाहिजे. कंपनीतल्या माणसाला घालायला लावलं तर कुणाचा भाचा नायिकेच्या जागेवर टपलेला असतो, कुणाचा साडू. म्हणून मणेरीण. गेली सहा वर्षं ताजबी.

आता हात खोटं बोलत नाही हे थोरल्या मालकांचं मत. त्यांनी ताजबीला बांगड्या भरताना बघितलं नव्हतं.

ताजबीची विद्या अशी होती की भ्यालेला हात दगडासारखा होतो, आणि हसलेला हात लोण्यासारखा. माणूस खरंखुरं हसतं तेव्हा अंगठ्याखालचं हाड एका श्वासापुरतं आत जातं. तेवढ्यात बांगडी मनगटात गेली पाहिजे. म्हणून ती सारखी बडबड करायची. सासूवर, नणंदेवर, हात ज्या बाईचा तिच्या नवऱ्यावर. बायांना वाटायचं ताजबी वाचाळ आहे. ती वाचाळ वगैरे काही नव्हती, घरी तर दिवसातून दहा वाक्यं बोलायची. बडबड हे तिचं हत्यार होतं.

ज्ञानूच्या हातात पहिली दोन वर्षं कडं आपणहून गेलं. तिसऱ्या वर्षी त्याला हसवावं लागलं. चौथ्या वर्षी हसवावं लागलं आणि एरंडेल लावावं लागलं. गेल्या दसऱ्याला अंगठ्याच्या मुळाशी कातडं सोललं, तेव्हा तिनं पटकन त्यावर हळद दाबली आणि 'नायिकेला हळदकुंकू' म्हणून वेळ मारून नेली. आपण पोराची जागा राखतोय, असं तिला वाटायचं. आणि आणखी एक गोष्ट होती, जी ती मनातसुद्धा धड शब्दांत मांडत नसे. हंसलेखेच्या हातात ज्या बांगड्या, त्याच कोल्हापूरपासून उचगावपर्यंतच्या बायकांना पाहिजे असायच्या. हिरव्या, सोनेरी ठिपक्यांच्या, मनगटाला घट्ट. तिचा नवरा फक्रुद्दीन पूर्वी पन्हाळ्याच्या वाड्यावस्त्यांवर गाठोडं घेऊन फिरायचा, पण त्याचे गुडघे धरले होते. तो आता उंबऱ्यात बसून बांगड्यांच्या माळा ओवायचा. घर त्या हिरव्या बांगडीवर चालायचं.

त्या वर्षी दसऱ्याला आठ दिवस होते. ताजबी चौकात बसून ज्ञानूच्या फुटलेल्या दोन बांगड्यांच्या जागी नव्या भरत होती. बाकीची मंडळी जेवून लवंडली होती.

"मावशी," ज्ञानू म्हणाला, "औंदा कडं जाऊ देऊ नगंस."

"दुखतंय व्हय? त्येल वाईच जास्त घालू की."

"त्येलाचं न्हाय. जाऊच देऊ नगंस म्हणतोय."

ताजबीनं मान वर केली. ज्ञानू तिच्याकडं बघत नव्हता. तो अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेल्या स्वतःच्या शालूकडं बघत होता.

"आबा गेलं तवा केस दिलं न्हाईत मी," तो म्हणाला. "मालक म्हणालं, हंगाम चाललाय. बाराव्याला समदी भावकी डोकं भादरून बसली आन् मी पटका बांधून. पटक्याखाली आंबाडा. मुरगुडात अजून सांगत्यात."

"तीन वर्सं झाली की त्याला."

"तीन वर्सं झाली म्हणून काय झालं? परवा घरी गेलतो. आमची पोरगी शेजारणीला सांगती, आमच्यात एक आत्त्या आलीया, लई चांगली हाय."

ताजबीला हसू आलं होतं, ते तिनं गिळलं.

"आन् बायकू काय म्हणाली?"

"हसली. मग आत गेली, ती काय बाहेर आली न्हाय."

"मग मालकास्नी सांग की सरळ."

"काय सांगू? बारा वर्साचा आलतो इथं. जेवायला घातलं, गाणं दिलं. त्यांच्यासमोर उभा ऱ्हायलो की तोंडातनं शब्द निघत न्हाय. कडं अडलं म्हंजे कसं, कुणीच कुणाला न्हाय म्हणायला नगं."

"आन् सहा वर्सं का गप बसलास?"

ज्ञानूनं हात मागं घेतला नाही, पण तो जरा जड झाला. "तू एवढी झटून घालायचीस मावशी. मला वाटायचं, तुझंबी कायतरी हाय त्यात."

ताजबीनं हातातली बांगडी भरली, दुसरी भरली, मग म्हणाली, "न्हाय जायाचं. मी नुसतं लावीन आन् सोडीन. जबान हाय माझी."

घरी येऊन तिनं फक्रुद्दीनला सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला माळा ओवायच्या होत्या.

"म्हंजे पुढच्या सालाला हिरवा माल घ्याचा का न्हाय?"

"नगा घेऊ."

फक्रुद्दीननं दोऱ्याला गाठ मारली. ताजबी चुलीपाशी गेली, परत आली आणि म्हणाली, "थोडा घ्या."

हे दोन शब्द तिला पुढं फार छळणार होते.

दसऱ्याच्या दिवशी चौक सारवला होता. झेंडूच्या माळांखाली पेटी, तबला, लाकडी तलवारी, पुठ्ठ्याचे मुकुट ओळीनं मांडले होते आणि मधोमध कडं, कुंकवानं माखलेलं. चाळीस माणसं दाटीवाटीनं बसली होती. शिरस्त्याप्रमाणं केरबा न्हावीही धोपटी घेऊन खांबाला टेकला होता. गेली सहा वर्षं तो यायचा, नारळ घ्यायचा आणि वस्तरा न काढता परत जायचा.

हातातल्या बांगड्या सकाळीच उतरवून ज्ञानू पाटावर बसला. ताजबीनं त्याचा उजवा हात मांडीवर घेतला. हात गार होता, आणि हाड न् हाड ताठलेलं. तिला बरं वाटलं. तेलाची बुधली तिनं मुद्दाम घरी ठेवली होती. तोंड मिटून घेतलं होतं. तिनं कडं बोटांवरून सारलं. ते अंगठ्याच्या हाडापाशी आलं आणि थांबलं.

चाळीस माना पुढं झाल्या.

"काय ताजबी?" गणपतराव म्हणाले.

"अडलंय मालक."

"बघ जरा."

तिनं बघितल्यासारखं केलं. कडं हललं नाही. मागं तबलजी शेजाऱ्याच्या कानात काहीतरी बोलला. गणपतरावांचा चेहरा उतरला होता. आणखी दोन श्वास काढले असते की झालं असतं. ज्ञानूचं तोंड पांढरं पडलं होतं. त्याची नजर केरबाकडं गेली, आणि केरबानं, सहा वर्षांत पहिल्यांदा, धोपटीतून वस्तरा काढून चामड्यावर ओढायला सुरुवात केली होती. त्या कमरेइतक्या केसांकडं तो डोळे बारीक करून बघत होता.

समोर बसलेली बाई अशी पांढरी पडली की ताजबी काय करायची, ते तीस वर्षांत तिच्या जिभेच्या टोकावर जाऊन बसलं होतं. ती पुटपुटली, त्याला एकट्याला ऐकू जाईल एवढंच:

"क्येरबा बघ, फडात ऊस तोडायला आल्यागत बसलाय."

ज्ञानू हसला.

तिचा अंगठा कधी दाबला गेला ते तिला कळलं नाही. तिनं खाली बघितलं तेव्हा कडं त्याच्या मनगटात होतं.

एकदम गलका झाला. तबलजीनं तबल्यावर थाप मारली, कुणी झेंडू उधळला, गणपतरावांनी कपाळाला हात लावून देवाला नमस्कार केला. ज्ञानूच्या तोंडावर ते हसू तसंच राहिलं होतं, ते काढायला तो विसरला होता. मग त्यानं मनगटाकडं बघितलं, आणि मग ताजबीकडं.

"झालं व्हय," तो म्हणाला.

गणपतरावांनी तिला लुगडं आणि नारळ दिला. सगळे बघत होते म्हणून तिनं घेतला. केरबानं वस्तरा मिटला आणि आपल्या नारळाची वाट बघत बसला.

घरी फक्रुद्दीनला आनंद झाला, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. ताजबी जेवली नाही. ती आपला उजवा अंगठा डाव्या हातात धरून बसली. सवयीनं दाबला गेला, हे खरं होतं. पण 'थोडा घ्या' हे कुणी म्हटलं होतं, अंगठ्यानं की तिनं? ती बोलली ते त्याचा जीव थाऱ्यावर यावा म्हणून, की तो हसावा म्हणून? जितकं उकरावं तितकं ते खोल जात होतं. आणि ज्ञानूनं तर विचारलंही नव्हतं. त्याच्या त्या बघण्यात सगळं उत्तर आधीच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कंपनीत गेली. गणपतराव माडीच्या ओसरीवर पेटीवाल्याकडून पेटीचा भाता शिवून घेत बसले होते.

"मालक, कालचं कडं खोटं गेलं."

"आत गेलं न्हवं? मग खोटं कसं?"

"मी हसवलं त्याला. माणूस हसलं की हाड सैल पडतंय. चार सालं मी तसंच घालतीया. हात त्याचा कवाच मोठा झालाय. तुम्ही मला बाहेरची म्हणून बोलवता, खरं करती म्हणून. मी खरं केलं न्हाय."

हे बोलायला तिला काय पडलं असेल ते तिलाच ठाऊक. पेठेत तिचं नाव होतं ते खरेपणावरच. पेटीवाला सुई तशीच धरून ऐकत राहिला.

गणपतराव मात्र दचकले नाहीत. त्यांनी पान जुळवलं.

"ताजबी, मी काय आंधळा हाय व्हय? पोराचा पंजा बघ, नांगराचा हाय तो. पलीकडच्या गल्लीत दुसरी मणेरीण ऱ्हाती, तिला का बोलवत न्हाय मी? तिला हसवता येत न्हाय म्हणून."

ताजबी एक पाऊल पुढं आली.

"आन् काल अडून बसलं असतं तर?"

"तर केस उतरवले असते. बाच्या कड्याला मी न्हाय कसं म्हणू? खरं सांगतो, काल मी तुझ्याच तोंडाकडं बघत हुतो. म्हटलं आज तू अशी मुक्यागत का बसलीस." त्यांनी पान तोंडात टाकलं. "पण वेळेवर बोललीस."

"परत घाला कडं. आज. त्या दुसरीला बोलवा."

"दसरा वर्सातनं एकदाच येतोय," गणपतराव म्हणाले, अगदी समजुतीनं.

ज्ञानू जिन्यात उभा होता. किती ऐकलं त्यानं, कोण जाणे. ताजबी खाली आली तेव्हा त्याच्यासमोर थांबली.

"मुद्दाम न्हाय केलं मी."

"हसलो मीच की," तो म्हणाला. त्याला ते पटलं होतं की तो तिला सांभाळून घेत होता, हे तिला कळेना.

"आता तूच बोल. पेटीवाल्यासमोर मालक काय वरडायचं न्हाईत. जा, आत्ताच जा. कड्याच्या तोंडून नगं, तुझ्या तोंडून सांग."

तो गेला. ताजबी खालीच थांबली. त्याची पावलं ओसरीवर थांबलेली तिला ऐकू आली, आणि लगेच गणपतरावांचा आवाज: "बरं आलास. भाता नवा शिवलाय, सूर बघायचाय. ते दुसऱ्या अंकातलं म्हण बघू."

मग पेटीचा सूर, आणि मग ते पद.

तीस वर्षांत ताजबीनं ते पहिल्यांदा ऐकलं. पेठेतल्या बायका विहिरीवर जे गुणगुणायच्या ते हेच, हे तिला कळायला वेळ लागला, कारण ते आणि हे यांत काही मेळ नव्हता. भर सकाळी, पोटात सुपारीएवढंही काही नसताना, दागिना नाही, रंग नाही, शालू नाही, आणि तरी शेजारच्या परड्यात धुणं आपटणारी बाई थांबली. रस्त्यानं जाणाऱ्या गाडीवानानं बैलांना उगाच हो-हो केलं. ज्याला घरी जायचं होतं तोच गात होता, आणि गाण्यात घरी जायचं असल्याचं कुठंही कळत नव्हतं. ताजबीनं जिन्याचा कठडा धरला. त्याचं गाणं असं वाईट तरी असतं, तर सगळं सोपं झालं असतं, असं तिच्या मनात आलं.

पद संपलं. "आणखी एकदा," गणपतराव म्हणाले. ज्ञानूनं आणखी एकदा म्हटलं.

तो खाली आला. पायरीवर बसून त्यानं हात पुढं केला. "भर. ऐतवारी खेळ हाय."

ताजबीनं गाठोडं सोडलं. सव्वादोनची हिरवी माळ वरच होती. ती तिनं बाजूला ठेवली आणि खालून पावणेतीनची काढली.

"मालक बघतील," ज्ञानू म्हणाला.

"बघू देत. कड्याचं माप थोरल्या मालकांनी ठरवलंय. बांगडीचं कुणी ठरवलंय?"

बांगड्या आपल्या आपण आत पडल्या. हात दाबावा लागला नाही, हसवावं लागलं नाही.

रविवारी हंसलेखेनं पद आळवत हात वर केला आणि बांगड्या खळखळत कोपरापर्यंत उतरल्या. सोमवारी सकाळी शालूबाई, जिचे ताजबीनं लग्नापासूनचे चुडे भरले होते, दारात हजर.

"ताजबी, ढिली बांगडी हाय का गं? हंसलेखेगत."

"अगं त्याचा हात दुखतोय म्हणून ढिली घातलीया."

"दुखंना का. दिसती किती झ्याक."

आठ दिवसांत सगळ्या पेठेत ढिल्या बांगड्या झाल्या. ढिली बांगडी जात्याच्या खुंट्याला अडकते, धुण्याच्या दगडावर आपटून फुटते. जी बाई वर्षातनं दोनदा यायची ती महिन्यातनं दोनदा येऊ लागली. फक्रुद्दीनला माळा ओवायला दिवस पुरेना. "तू थोडा घ्या म्हणालीस," तो म्हणाला, "मीच जास्त घ्यायला पायजे होता." एक-दोन बायांना ताजबीनं खरं सांगायचा प्रयत्न केला, पण खऱ्याला गिऱ्हाईक नव्हतं.

दिवाळी झाली. कंपनीच्या गाड्या मिरजेला निघायच्या, त्याआधी ज्ञानूला चार दिवसांची रजा होती. तो ताजबीच्या दारात येऊन बसला. एरवी त्याच्या बांगड्या उतरवायला साबण आणि अर्धा तास लागायचा. या वेळी त्यानं हात खाली सोडला आणि त्या तिच्या ओच्यात पडल्या.

"पुढच्या दसऱ्याला," ताजबी म्हणाली, "मला ताप येणार हाय."

"आं?"

"लई ताप. उठायलाबी यायचं न्हाय. पलीकडच्या गल्लीतली येईल कडं घालायला. तिच्याशी मी बोललीया. तिला एक शब्द बोलायचा न्हाय म्हणून सांगितलंय, आन् सांगायची गरजबी न्हवती."

वर्षानंतरचा ताप. तोवर ज्ञानूची पोरगी चार वर्षांची होणार होती, आणि आणखी शंभर वेळा तो हात वर करून ते पद म्हणणार होता, आणि शंभर वेळा लोक 'पुन्हा म्हण' म्हणणार होते.

"तवा मी हसलो न्हाय म्हंजे झालं," तो म्हणाला.

"ते तुझं तू बघ."

तो उठला. केस पटक्यात कोंबले, गाठ नीट आहे का ते चाचपलं. मग, मनगटं मोकळी असतानासुद्धा, बांगड्या झाकायच्या असाव्यात तशा सदऱ्याच्या बाह्या ओढून बोटांपर्यंत आणल्या आणि मुरगूडच्या वाटेला लागला.